आत्ती आणि मड्डमची चूल

आमच्या आत्तीला कुणाच्याही घरी नेलं, तरी ती आधी माणसांकडं बघायची नाही. घरच्यांनी 'या, बसा' म्हणत घोंगडं अंथरावं, पाण्याचा तांब्या पुढं करावा, तोवर आत्ती त्यांच्या स्वयंपाकघरात पोचलेलीसुद्धा असायची. पदर खोचून चुलीपुढं उकिडवी बसायची आणि मान वाकडी करून आत डोकवायची. मग बाहेर येऊन पाणी प्यायची, किंवा प्यायची नाही. चूल बघितल्याशिवाय तिचं ते ठरत नसे.

"तोंड धुतलं न्हाय तिचं," एवढंच ती माझ्या कानात सांगायची, आणि आम्ही दोघी तहानलेल्या परत यायचो.

'ती' म्हणजे चूल. सकाळी उठून राख काढायची, काजळी खरवडायची, शेणामातीचं पोतेरं फिरवायचं, या सगळ्याला आत्ती चुलीचं तोंड धुणं म्हणायची. चुलीशी ती बोलायचीही. लाकूड ओलं निघालं आणि धूर झाला तर लाकडाला नाही, चुलीला विचारायची, "काय झालं गं बया तुला? कोण बोललं का?"

ही आत्ती म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. नवव्या वर्षी लग्न झालं, तेराव्या वर्षी कपाळ पुसलं, आणि ती गडहिंग्लजकडं भावाच्या घरी परत आली. पुढची चाळीस-एक वर्षं तिथंच गेली. महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात चार कामं निघत होती, त्यात आमच्या ह्यांना एका इंग्रज इंजिनेर साहेबाच्या हाताखाली कच्च्या कारकुनाची नोकरी लागली. आम्ही दोघं बिऱ्हाड घेऊन निघालो, तर आत्ती आधीच गाडीत बसलेली. कुणी तिला चल म्हटलं नव्हतं आणि कुणी राहा असंही म्हटलं नाही. गावाकडच्या त्या घरात तीन जावा होत्या, अकरा पोरं होती, आणि आत्तीची जागा गोठ्याशेजारच्या अडगळीत होती. तिच्या मांडीवर एक गाठोडं होतं. त्यात दोन लुगडी, एक पोतेरं आणि पांढऱ्या मातीचा नारळाएवढा गोळा.

"शहरातली माती कशी असंल कुणाला ठावं," ती म्हणाली.

माती पुढं पसंत पडली, पण शेणाचा प्रश्न उभा राहिला. कोपऱ्यावरच्या गवळ्याच्या दोन गाई होत्या. आत्ती पहिले चार दिवस नुसती त्यांच्या गव्हाणीपाशी जाऊन उभी राहिली. पाचव्या दिवशी गवळ्यानं विचारलं, "काय पायजे, आज्जी?"

"काय खायला घालतोस रं हिला?"

"कडबा. पेंड."

"पेंड कसली?"

गवळ्यानं सांगितलं. आत्तीनं पेंड हातावर घेऊन वास घेतला, थोडी चघळली, आणि म्हणाली, "चालतंय." तेव्हापासून त्या गाईचं शेण आमच्याकडं यायला लागलं. दुसऱ्या गाईला तिनं शेवटपर्यंत नापासच ठेवलं होतं.

शेजारच्या पाटलीणबाईंच्या मुलीला पेठ वडगावचं स्थळ आलं. घर बघायला चार बायका गेल्या, त्यांत आत्ती. बाकीच्यांनी मुलगा बघितला, जमीन किती ते विचारलं. आत्तीनं चूल बघितली आणि भर बैठकीत सांगितलं, "बाई, चूल तडकलीया. महिना झाला असंल. लिंपायला कुणाला येळ न्हाय व्हय या घरात? पोरगी दिली तर तिलाबी असंच ठेवतील." सगळे तोंडावर पडल्यासारखे झाले. स्थळ मोडलं म्हणून पाटलीणबाई आमच्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी मुलाची आई स्वतः बैलगाडीनं आमच्या दारात. तिनं नवी चूल घातली होती आणि आत्तीनं ती येऊन बघावी असं तिचं म्हणणं होतं. आत्ती गेली, बघितली, पाणी प्यायली. लग्न झालं आणि चांगलं निघालं. मानाचं लुगडं मात्र आत्तीनं घेतलं नाही. त्यांच्या मातीचा गोळा तेवढा घेऊन आली.

आता त्या विलायती चुलीची गोष्ट. ती सांगताना अजूनही माझे कान गरम होतात, कारण त्यातली खरी चूक माझी.

साहेब आणि मड्डम सहा महिने रजेवर विलायतेला निघाले. बंगल्याच्या स्वयंपाकघराची कौलं उतरवायची होती आणि गोदामात पावसाळ्यात पाणी गळायचं. मड्डमचा जीव तिच्या लोखंडी भट्टीत. ती गंजू नये म्हणून एखाद्या भरवशाच्या घरी ठेवायची ठरली, आणि साहेबानं ह्यांचं नाव घेतलं. "परत आलो की तुला कायम करतो," असंही जाताना म्हणाला. चार हमालांनी ती भट्टी आमच्या परसदारच्या पडवीत आणून टेकवली. काळीभोर, चार वाकडे पाय, पुढं दोन दारं, त्यांना पितळी मुठी.

बंगल्याचे खानसामा दस्तगीरचाचा बरोबर आले होते. पांढरी दाढी, डोक्याला फेटा, बोलणं अगदी हळू. ते मला म्हणाले, "वैनी, नीट ऐका. रोज कोरड्या फडक्यानं पुसायची. म्हैन्यातनं एकदा तेलाचा हात. पाण्याचा थेंब लागला न्हाय पायजे."

मी मान डोलावली. पण त्या दिवशी पाटलीणबाईंबरोबर रंकाळ्यावर जायचं ठरलं होतं, लग्नानंतर पहिल्यांदाच असं मोकळं फिरायला मिळणार होतं, आणि माझं निम्मं चित्त दारातल्या चपलांकडं होतं. आत्ती शेण घेऊन आली तेव्हा मी उंबऱ्यातूनच तिला ओरडून सांगितलं, "आत्ती, ही मड्डमची चूल. रोज स्वच्छ ठेवायची म्हणे!" आणि गेले.

आता तुम्हीच सांगा, आत्तीला चूल स्वच्छ ठेव म्हटल्यावर ती काय करणार?

मी परतले तेव्हा ती भट्टीभोवती फेऱ्या मारत होती. "उघडीनागडी ठेवलीया की गं बिचारीला. अंगाला मातीचा हात न्हाय. कसल्या बायका म्हणायच्या ह्या?" दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं भट्टी सारवली. लोखंडावर माती टिकेना, वाळली की खपल्या पडायच्या. आत्ती हरली नाही. तिनं मातीत भुसा कालवला, गुळाचं पाणी घातलं, आणि माती बसली. मग रोज एक हात. आधी घरातली चूल, मग पडवीतली. पुढं रांगोळीची चार बोटं. शुक्रवारी मला हाक मारायची, "सगुणा, हळदीकुंकू लाव गं तिला. माझ्या हातानं नगं." मी लावत असे. त्यात काही वावगं आहे असं मला एकदाही वाटलं नाही. चूल आहे, तर सारवायची. आमच्या सात पिढ्यांत कुणी चूल कोरडी पुसलेली नव्हती.

हे परसात फारसे यायचे नाहीत. एकदा लांबून बघून म्हणाले, "गोणपाटात गुंडाळून ठेवलीय वाटतं. बरं केलंत."

सहा महिने झाले. एका दुपारी दस्तगीरचाचा आले. साहेब मुंबईला उतरले होते. परवा सकाळी गाडी भट्टी न्यायला येणार, आणि मड्डमसाहेब स्वतः बरोबर येणार. आत्ती कौतुकानं त्यांना पडवीत घेऊन गेली. चाचांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"आक्का, भट्टी कुठं हाय?"

"ही काय!"

पडवीत एक गोल, गुळगुळीत, पांढरट ढिगारा बसला होता. पाय दिसत नव्हते, दारं दिसत नव्हती. पुढं रांगोळी होती आणि मध्ये कुंकवाचा टिळा. दस्तगीरचाचा मटकन खाली बसले. "या अल्ला," एवढंच त्यांच्या तोंडून आलं. मग म्हणाले, "वैनी, मी तुमाला सांगितलं हुतं. पाणी लावायचं न्हाय. कोरडं फडकं."

आत्तीनं माझ्याकडं बघितलं. "पाणी लावायचं न्हवतं?"

मी मान खाली घातली. आत्तीनं फक्त एवढंच बघितलं आणि मान फिरवली. "बरं," ती म्हणाली, "उलथनं आण."

संध्याकाळी हे घरी आले, त्यांना सांगावंच लागलं. ते जेवले नाहीत. भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "कायम होणं राहिलंच, आहे तीही जाणार. गावाकडं निरोप धाडतो, गाडी पाठवा म्हणून." आत्ती पडवीत खरवडत होती. तिला ऐकू गेलं, कारण उलथन्याचा आवाज मध्येच थांबला. गाव म्हणजे आम्हा दोघांना एक खोली तरी मिळाली असती. तिला ती गोठ्याशेजारची अडगळच होती. थोड्या वेळानं उलथन्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात.

दीड दिवस आम्ही तिघं त्या भट्टीला भिडलो होतो. हो, तिघं. दस्तगीरचाचा दुसऱ्या दिवशी सकाळीच विटेची भुकटी आणि जवसाचं तेल घेऊन हजर झाले. माती काही सहजासहजी निघेना. गुळानं ती दगडासारखी धरली होती. उलथनं वाकलं, मग खुरपं आणलं. माझ्या हाताला फोड आले. आत्तीची नखं तुटली तरी तिचं तोंड चालू होतं, "सोड गं बया, सोड. मीच घातलं, मीच काढतो." शेवटी लोखंड दिसलं. पण काळं नाही, लाल. जागोजागी गंज. मग राख, चिंच आणि काथ्या. राख, चिंच आणि काथ्या. दुपार कलेपर्यंत पितळी मुठी चमकायला लागल्या आणि चाचांनी पहिल्यांदा दाढीवरून हात फिरवला.

आणि तेव्हा आत्तीनं भट्टीचं दार उघडलं.

सहा महिन्यांत तिनं ते उघडलं नव्हतं. दुसऱ्याच्या घराचं दार आपण कशाला उघडायचं, असं तिचं म्हणणं. आता माती निघाली आणि दार आपोआप किलकिलं झालं. आत्ती उकिडवी बसली, मान वाकडी करून आत डोकावली आणि तशीच राहिली. आत वर्षानुवर्षांची जळकी चरबी थरावर थर साचली होती. कोंबड्यांची, मटणाची, केकाच्या साखरेची. बोट लावलं तर बोट चिकटत होतं.

"चाचा," आत्ती म्हणाली, "तुमच्या मड्डमच्या चुलीचं तोंड कुणीच धुतलं न्हाय की वो!"

दस्तगीरचाचा भट्टीच्या पायाकडं बघायला लागले. "वरून पालिश करत हुतो, आक्का. आत कोण बघतंय?"

"मी बघतो की!"

चाचांचा चेहरा असा झाला की मला इतक्या काळजीतही हसू फुटलं. आत्ती हसली नाही. तिनं बाह्या मागं सारल्या आणि डोकं, खांदे, कमरेपर्यंतची सगळी आत्ती भट्टीत शिरली. ती जन्मभर गळ्यात माळ घालणारी, आमच्या घरी मटण शिजलं तर अंगणात जाऊन बसणारी बाई. आतून आवाज यायचा, "राख दे." मी राख द्यायचे. "करवंटी दे." करवंटी द्यायचे. दिवेलागणीला ती बाहेर आली तेव्हा तोंड, केस, कान, सगळं काळं झालं होतं. फक्त डोळे चमकत होते. "झालं बघ," म्हणाली आणि न्हाणीघरात गेली.

सकाळी गाडी आली, मागून टांग्यातून मड्डम. उंच, लाल चेहऱ्याची, डोक्यावर टोपी. मी दाराआड उभी होते. सगळं खरं सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं. रात्रभर तेच वाक्य घोकत होते. मड्डमनं भट्टीभोवती एक फेरी मारली. पायांपाशी वाकली. तिथं गंजाचे खड्डे पडले होते, ते कशानंही जाणार नव्हते.

"दस्तगीर, ये किसने किया?"

मी एक पाऊल पुढं टाकलं. आत्ती माझ्या पुढं येऊन उभी राहिली.

"मी केलं, मड्डमसाब. सुनंनं मला पैल्या दिशीच सांगितलं हुतं, पाणी लावायचं न्हाय म्हून. म्याच ऐकलं न्हाय. म्हातारं डोस्कं. पोराच्या नोकरीवर राग काढू नगा."

चुलीच्या बाबतीत आयुष्यात कधी खोटं न बोललेली बाई धडधडीत खोटं बोलत होती, आणि मी तिच्या पाठीमागं गप्प उभी होते. ते गप्प राहणं मला अजून बोचतं. चाचांनी तिचं बोलणं हिंदुस्थानीत सांगितलं. मड्डमनं भट्टीचं दार उघडलं, हातरुमाल आत घालून कोपऱ्यातून फिरवला आणि बाहेर काढून बघितला. रुमाल पांढरा होता.

"दस्तगीर," ती म्हणाली, "ये अंदर से कभी ऐसा था?"

चाचांची दाढी हलली. एका शब्दात त्यांची अब्रू जाणार होती, आणि न बोलले तर आमची. "नहीं, मेमसाब," ते म्हणाले. "कभी नहीं. ये इस बाई ने किया."

मड्डमनं आत्तीचे हात बघितले. तुटकी नखं, चिरलेली बोटं. मग हमालांना खूण केली. भट्टी गेली. त्याच आठवड्यात हे कायम झाले. दस्तगीरचाचांना चार दिवस बोलणी बसली, असं त्यांनीच नंतर हसत सांगितलं.

भट्टी गेली त्या संध्याकाळी मी आत्तीचे पाय धरले. "आत्ती, तुम्ही का अंगावर घेतलंत? मी सांगणार होते."

"तू सांगून काय झालं असतं? नवऱ्याला आयुष्यभर आठवलं असतं. माझ्यावर रागावून कोण काय करंल? माझी कंची नोकरी हाय?" आणि ती भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली, तर पडवीतून ओल्या मातीचा वास आला. आत्ती भट्टी होती त्या जागी बसली होती. जमिनीवर चार पायांच्या चार खुणा होत्या आणि ती पोतेऱ्यानं रिकामी जमीन सारवत होती. मी जवळ बसले. ती माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

"बाच्या घरात आईची चूल. सासरला सासूची. माघारी आलो तर भावजयची. आता तुझी. सगळ्यांची तोंडं धुतली, राग न्हाय माझा. पर ही कुणाचीच न्हवती गं. हिच्यावर कोण रांधत न्हाय, हिच्यापुढं बसलो तरी कोण मला उठ म्हणत न्हाय. सहा म्हैनं मनात म्हणत हुतो, ही माझी." मग एकदम पोतेरं झटकलं. "येडीच हाय मी. मड्डमची चूल, ती माझी कशी असंल?"

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. म्हटलं, "आत्ती, इथं एक चूल घाला."

"कशाला? घरात हाय की."

"ती माझी. ही तुमची."

ती माझ्याकडं बघतच राहिली. एका घरात दोन चुली म्हणजे घर फुटलं, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. पण ह्यांनी स्वतः खांद्यावरून माती आणून दिली. आत्तीनं तीन दिवस घेऊन चूल घातली. आमच्या आळीत चौथ्या दिवशी बातमी फिरली. पाटलीणबाई तोंडावर म्हणाल्या, "काय गं सगुणा, नोकरी कायम झाली आणि म्हातारीची चूल वेगळी केलीस?" पाणवठ्यावर बायका माझ्याकडं बघून कुजबुजायच्या. मी एकीलाही खरं सांगितलं नाही. आत्तीनं माझ्यासाठी जे सोसलं, त्यापुढं हे काहीच नव्हतं. उलट कुणी नावं ठेवली की मला बरंच वाटायचं.

चूल वाळली तेव्हा आत्तीनं मला जेवायला बोलावलं. घरातून पडवीत, सहा पावलांवर, पण रीतसर. दारात येऊन म्हणाली, "आज दुपारी जेवायला यायचं, पावणं." मी नवं लुगडं नेसून गेले. तिनं पाट मांडला होता, तांब्या ठेवला होता. पिठलं, भाकरी, ठेचा. एक भाकरी तव्यावर, एक निखाऱ्यावर फुगत होती आणि आत्तीचा चेहरा जाळानं लाल झाला होता. जाळ जरा कमी वाटला म्हणून मी सवयीनं पुढं वाकले आणि लाकूड आत सारायला हात घातला.

आत्तीनं माझ्या हातावर फटका मारला.

"हात लावायचा न्हाय! माझी चूल हाय ही," ती म्हणाली. आणि मग स्वतःच्याच बोलण्यानं अशी लाजली की पदर तोंडावर घेऊन हसायला लागली.

मी हात मागं घेतला आणि गुमान जेवायला बसले.